बिनखोळीची रजई

जगात जन्माला आलेली कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय पुढं जाऊ द्यायची नाही, असं मानणारा एकच माणूस माझ्या ओळखीत आहे आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला न्हावऱ्याला, नोकरीला शिरूरजवळच्या एमआयडीसीत, एका कारखान्याच्या क्वालिटी खात्यात. वीस-बावीस वर्षं हा गृहस्थ लोखंडाच्या तुकड्यांवर हिरवे आणि तांबडे स्टिकर चिकटवतो आहे. हिरवा म्हणजे पास, तांबडा म्हणजे माघारी. बाकीचे लोक सुट्टी झाली की कारखाना गेटवरच सोडून येतात. साडूभाऊ तो पाठीवरच्या सॅकमध्ये घालून घरी आणतात. घरात सहा जर्सी गाई, बारा-पंधरा एकर ऊस-कांदा, एक बायको, कॉलेजात शिकणारा एक मुलगा आणि एक म्हातारे वडील एवढा पसारा. या सगळ्यांनी केव्हा ना केव्हा तो हिरवा स्टिकर मिळवलेला आहे. तांबडा बहुतेक वेळा माझ्या वाट्याला येतो.

माझी पहिली तपासणी झाली ती राहूला, सासुरवाडीला, मी मुलगी बघायला गेलो त्या दिवशी. थोरले जावई म्हणून साडूभाऊ तिथं हजर होते. मुलीला त्या दिवशी कुणी फारसं काही विचारलंच नाही, कारण सगळा वेळ मला विचारण्यात गेला. यवतला मेडिकलचं दुकान आहे म्हटल्यावर त्यांनी फ्रीजचं तापमान विचारलं, मुदत संपलेल्या गोळ्या कुठं ठेवता ते विचारलं. मग बैठक चालू असतानाच ते बाहेर गेले आणि दारात काढलेल्या चपलांमधून माझ्या चपला ओळखून, उलट्या करून बघून आले. आत येऊन त्यांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना शांतपणे सांगितलं, "पाव्हण्यांची डावी टाच जास्त झिजती. चालीत थोडा फॉल्ट हाय. पर मटेरियल चांगलं हाय." या एका शेऱ्यावर माझं लग्न जमलं. आजही चढावर चालताना मला माझ्या डाव्या टाचेची आठवण येते.

न्हावऱ्याच्या त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूच्या जागेभोवती पिवळी रेघ मारलेली आहे. केरसुणीची जागा, चपलांची जागा, गॅसच्या लायटरची जागा. वस्तू उचलली की मागे पिवळा चौकोन राहतो, म्हणजे ती गेली कुठं हा प्रश्न तरी नीट विचारता येतो. देव्हाऱ्यातले फोटो त्यांनी गवंड्याची लेव्हल लावून बसवलेले. जेवताना ते आमटीचा पहिला घास तोंडात घोळवतात आणि म्हणतात, "मीठ लोअर लिमिटला हाय." आक्का, म्हणजे माझी मेव्हणी, अशा वेळी एक शब्द बोलत नाहीत. मिठाचा डबा उचलून त्यांच्या ताटाशेजारी ठेवतात आणि आपल्या कामाला लागतात. इतक्या वर्षांत या बाईंनी नवऱ्याशी भांडण केल्याचं मी ऐकलेलं नाही. त्या फक्त डबे ठेवतात. घरात साडूभाऊंना तोंडावर बोलणारे एकच होते, त्यांचे वडील. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. उंचपुरे, अंगात बंडी, डोक्याला कायम मफलर. आबांच्या काठीसाठीही भिंतीशी एक पिवळा गोल होता. आबा तो गोल सोडून हटकून दोन वीत पलीकडं काठी टेकवायचे आणि मला म्हणायचे, "पाव्हणं, एक दिवस ह्यो माझ्याभवती बी पट्टा मारंल, बघा."

तर अशा माणसाच्या संसारात खोळ नावाची वस्तू होती. त्यांच्याकडं शिरूरहून भरून आणलेल्या कापसाच्या जाड रजया होत्या. भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधला, चारी बाजूंनी उसाचा तो पट्टा. तिथली थंडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना रजईचं महत्त्व सांगायला नको. रजई धुता येत नाही म्हणून तिला खोळ, आणि खोळ धुता येते म्हणून ती काढायची आणि पुन्हा घालायची. हे घालणं म्हणजे एक नाटक असे. रजईचे दोन कोपरे दोन हातांत धरून साडूभाऊ स्वतः खोळीच्या आत शिरत. आक्का बाहेरून तोंड धरून उभ्या. आतून विहिरीतून आल्यासारखा आवाज येई, "डावा कोपरा गावला. उजवा गावना." एकदा डेअरीचा माणूस दुधाची चिठ्ठी द्यायला आला, तर पडवीत एक उभी खोळ इकडून तिकडं फिरते आहे आणि आक्कांना घड्याळ बघायला सांगते आहे, असं त्याला दिसलं. चिठ्ठी उंबऱ्यावर ठेवून तो निघून गेला. एवढं करून रजई आत गेली तरी दुसऱ्या दिवशी सगळा कापूस एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूला अशी अवस्था व्हायची. साडूभाऊंनी यावर पुष्कळ विचार केला आणि निष्कर्ष काढला की खोळ हे एक जास्तीचं ऑपरेशन आहे. त्यानं मालाची किंमत वाढत नाही, फक्त वेळ जातो.

म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या थोडं आधी, त्यांनी खोळ न लागणारी रजई ऑनलाइन मागवल्याचं कळलं तेव्हा आमच्यापैकी कुणालाच नवल वाटलं नाही. त्याच पावसाळ्यात आबांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. बोलणं जागेवर आलं, जेवण जागेवर आलं, फक्त उजवा पाय जरा ओढत चालायचे. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. न्हावऱ्याला पार्सलवाले वेळेवर येत नाहीत म्हणून त्यांनी पत्ता माझ्या दुकानाचा दिला होता. रविवारी सकाळी ते चौफुल्यावरून मोटरसायकल मारत यवतला आले, माझा काउंटर रिकामा करायला लावला आणि पार्सल उघडलं. आतून एक पांढरीशुभ्र, फुगलेली, चौकोन-चौकोन शिवलेली वस्तू हळूहळू मोठी होत बाहेर आली आणि तिनं माझा खोकल्याच्या औषधांचा कप्पा झाकून टाकला. साडूभाऊंनी खिशातून मोजपट्टी काढली. टाक्यांमधलं अंतर मोजलं, चारही कडा ओढून बघितल्या, कापड उन्हाकडं धरून बघितलं. दोन गिऱ्हाइकं क्रोसिन मागत उभी होती, त्यांनाही एकेक कोपरा धरायला दिला. शेवटी त्यांनी कडेला शिवलेली धुण्याची चिठ्ठी शोधून काढली आणि ती मात्र चष्मा पुसून तीन वेळा वाचली. पाकिटावर वस्तूचं इंग्रजी नाव होतं. साडूभाऊ त्याचा उच्चार ड्युवेट करत, त्यांचा मुलगा डुवे म्हणे, आणि आबांनी पहिल्या दिवसापासून तिचं नाव 'ती फुगलेली' असं ठेवलं.

पहिली धुलाई न्हावऱ्यात अजून बोलली जाते. एवढं मोठं धुणं म्हणून आक्कांनी मशिनमध्ये नेहमीची पावडर दुप्पट घातली. अर्ध्या तासानं मोरीतून फेस बाहेर आला, अंगणातून पुढं सरकला आणि गोठ्यापर्यंत पोहोचला. गाई मागं सरकून उभ्या राहिल्या. तेवढ्यात लाईट गेली. मशिनचं दार उघडेना, उघडल्यावर रजई निघेना. पाणी प्यालेली ती वस्तू बाहेर काढायला तीन माणसं लागली आणि दोरीवर टाकल्याबरोबर दोरी तुटून ती मातीत आली. दुसरा कुणी असता तर त्यानं तिची गोधडी करून गोठ्यात टाकली असती. साडूभाऊंनी रजा टाकली. दोन दिवसांत त्यांनी त्या रजईच्या धुलाईची कार्यपद्धती लिहून काढली आणि लॅमिनेशन करून मशिनच्या वर लावली. पहिली सूचना होती, 'खिसे तपासणे.' रजईला खिसे नसतात हे मी निदर्शनास आणून दिलं, तेव्हा ते म्हणाले की कारखान्याच्या फॉरमॅटमध्ये पहिली सूचना तीच असते.

पण पुढचं सगळं चोख होतं हे कबूल करायला हवं. मशिनमध्ये रजई एकटी, सोबत दुसरं काही नाही. पातळ साबण, तोही एकच झाकण. पाणी कोमट. साध्या पाण्यातून दोनदा खळबळायची, कारण बोअरच्या जड पाण्यात साबण आत राहतो. पिळायची नाही. एका दोरीवर कधी टाकायची नाही. हातभर अंतरावर दोन दोऱ्या बांधून त्यांच्यावर झोळीसारखी पसरायची, म्हणजे भार वाटला जातो आणि मधून वारा जातो. तासाभरानं उलटायची, कोपरे धरून झटकायची, आत गोळा झालेलं भरण हातानं चापटून सारखं करायचं. "चापटायची, मारायची न्हाई," हे ते प्रत्येकाला बजावत. डिसेंबरच्या उन्हातसुद्धा सकाळी धुतलेली रजई तिसऱ्या प्रहरापर्यंत खडखडीत वाळायची. कापसाच्या रजईला हे सात जन्मात जमलं नसतं.

इथंपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी आणखी चार रजया मागवल्या. घरात माणसं चार, रजया पाच. भिंतीवर धुलाईचं वेळापत्रक लागलं. कुणाची ना कुणाची रजई रोज धुवायचीच, मळलेली असो वा नसो. मुलगा कुरकुरला, शेजारी हसले. राहूला माझा मेव्हणा म्हणू लागला की न्हावऱ्यात आता उसापेक्षा रजयांचं पीक जास्त आहे. आणि याच सुमारास आमच्या कानावर आलं की साडूभाऊंच्या हातून तांब्या सांडतो. आबांच्या खाटेशेजारी रात्री पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा, हे काम त्यांचं. ज्या माणसाच्या हातून कारखान्यात कधी एक खिळा खाली पडला नाही, त्याच्या हातून दर दोन दिवसांआड पहाटे तो तांब्या आबांच्या अंथरुणावर कलंडत होता. "सांडला परत," असा त्यांचा आवाज घरभर ऐकू यायचा, आणि मग आबांची रजई वेळापत्रकात नसतानाही मशिनकडं जायची. आमच्या सगळ्या गोतावळ्यात 'दाजींचा तांब्या' हा ठरलेला विनोद झाला. त्यात सर्वांत जास्त विनोद मी केले हे इथंच सांगून टाकतो. माझ्या डाव्या टाचेचा हिशोब मी चुकता करत होतो.

त्या थंडीत आक्का गोठ्यात घसरून पडल्या आणि त्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. बायको बहिणीच्या मदतीला न्हावऱ्याला राहिली होती, म्हणून एका शनिवारी दुकान लवकर बंद करून मीही गेलो. रविवारी उजाडताना दुधाच्या गाडीच्या आवाजानं मला जाग आली. मी पडवीत आलो. आबा अंगणात शेकोटीपाशी बसले होते, पाठ घराकडं, अंगावर कोरडी रजई. त्यांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत साडूभाऊ होते. त्यांनी खाटेवरची रजई आणि चादर गुंडाळून काखेत धरली होती. खोलीत जो वास होता तो मला ओळखीचा होता. मी औषधं विकणारा माणूस आहे, आजारी म्हाताऱ्यांच्या घरी इंजेक्शनं पोचवायला जातो. साडूभाऊंनी खाली वाकून उशाशी ठेवलेला तांब्या उचलला. तो काठोकाठ भरलेला होता. त्यांनी तो खाटेच्या कडेवर धरला, आणि एखाद्या रोपाला पाणी घालावं तसा सावकाश, सगळाच्या सगळा ओतला. मग मोकळा तांब्या जमिनीवर आडवा टाकला आणि मोठ्यानं म्हणाले, "सांडला परत."

वळले तर दारात मी.

ते माझ्या शेजारून मशिनकडं गेले, मी त्यांच्या मागोमाग गेलो. रजई आत घालून, साबणाचं एक झाकण मोजून ओतून, बटण दाबून झाल्यावर ते मशिनकडंच बघत हळू आवाजात बोलले. झटक्यानंतर आबांना रात्री कळायचं बंद झालं होतं. पहिल्या सकाळी आबा ओल्यात तसेच बसून राहिले होते, उठायला तयार नव्हते, कुणाला खोलीत येऊ देत नव्हते. "त्यांचं त्वांड बघवंना पाव्हणं. म्या म्हनलं, आबा, माझ्या हातनं तांब्या सांडला. त्यांनी नुसती मान हलवली आन् उठलं. मग त्येच चालू ठिवलं."

मला तेव्हा आठवलं, त्या वर्षीच्या गणपतीनंतर हे माझ्या दुकानात हेल्मेट न काढताच आले होते आणि कारखान्यातल्या कुणाच्या तरी वडिलांसाठी म्हणून मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट घेऊन गेले होते. आठवड्यानं ते तसंच परत आलं. 'साईझ मिसमॅच' एवढंच म्हणाले होते. मी बदलून देऊ का विचारलं, तर नको म्हणाले. आबांनी ते भिंतीवर फेकलं होतं, हे मला आता कळलं. मग साडूभाऊंनी दहा दिवस शोधाशोध केली होती ती या रजईची. खोळीतून पाणी कापसात गेलं की कापूस चार दिवस वाळत नाही, वास राहतो, आल्यागेल्याला कळतं. ही अख्खीच्या अख्खी धुता येते. आणि एकट्या आबांची रोज दोरीवर दिसली तर लोक विचारतील, म्हणून घरातल्या सगळ्यांच्या, म्हणून वेळापत्रक, म्हणून पाच. हे सांगून झाल्यावर त्यांना बहुधा आपण फार बोललो असं वाटलं असावं. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "दुपारपातुर कोरडी. प्रोसेस सेट हाय." आक्कांना हे माहीत होतं का, असं मी विचारलं नाही. त्या घरातलं मीठसुद्धा आक्कांना न कळता कमी होत नाही.

त्याच दिवशी जेवणानंतर मी अंगणात खाट टाकून उन्हाला पडलो होतो. आबा पाय ओढत आले आणि शेजारी टेकले. समोर दोन दोऱ्यांवर त्यांची रजई पसरली होती. आबा तिच्याकडं बघत होते.

"पाव्हणं," ते म्हणाले, "माझं पोरगं लई हुशार. कारखान्यात त्याच्या सहीबिगर माल हालत न्हाई म्हनत्यात. पर त्याला पाणी काय सांडता येत न्हाई."

मी उठून बसलो.

"तांब्या माझ्या उशाला. वल्लं हुतंय मधी. पाणी असं उडी मारून जातंय व्हय?" ते हसले नाहीत. "पयल्या दिशीच कळलं मला. न्हाई बोललो. बोललो असतो तर दुसऱ्या दिशी त्यानं माझ्याम्होरं यावं कसं, आन् म्या त्याच्याम्होरं बसावं कसं?"

आबांनी मफलर सारखा केला.

"तुम्ही सकाळी बघितलं, ते म्या मान वळवून बघितलं. त्याला सांगू नका मला कळतंय म्हणून. सवताचं हसं करून घेतंय चार लोकांत. त्याला वाटतंय ना म्हाताऱ्याला पत्ता न्हाई, वाटू द्या."

दोघा बापलेकांनी एकाच दिवशी माझ्याकडं आपापली गोष्ट ठेवायला दिली आणि दोघांचीही ती दुसऱ्यापासून लपवायची. मेडिकलच्या दुकानदाराला गावातली पुष्कळ गुपितं सांभाळावी लागतात, कोण झोपेच्या गोळ्या घेतं, कुणाच्या सुनेला दिवस गेले आहेत. पण ही दोन एका खोलीत ठेवणं मला जड जात होतं. त्यानंतर मी तांब्याचे विनोद बंद केले, तर बायकोला वाटलं माझं आणि साडूभाऊंचं काही बिनसलं आहे.

मी थांबलो म्हणून बाकीचे थांबणार नव्हते. माघात राहूला मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा होता. मांडवात जेवणाची पंगत बसली, आबा मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला साडूभाऊ. मेव्हणा मठ्ठ्याचा जग घेऊन वाढत आला आणि साडूभाऊंच्या पुढ्यात थांबून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की दाजींच्या हातात ग्लास द्यायचा नाही, त्यांना चमच्यानं पाजा. पंगत हसली. मग पलीकडून कुणीतरी भर घातली की आबांनी आता रेनकोट घालून झोपावं. पंगत आणखी हसली. मी ताटाकडं बघत राहिलो. आणि मग आबाच सगळ्यांत मोठ्यानं हसले. "रेनकोट काय, म्या होडीच घेनार हाय आता," असं म्हणाले. त्याच क्षणी साडूभाऊंचा हात हलला आणि मठ्ठ्याचा भरलेला ग्लास त्यांच्या स्वतःच्या पांढऱ्या विजारीवर पालथा झाला. मांडव दणाणला. लहानथोर सगळे त्यांच्या ओल्या विजारीकडं बोट दाखवून हसत होते. साडूभाऊ उभे राहून ओशाळं हसत होते, आबा मान हलवत म्हणत होते, "बघा, म्या म्हनत हुतो ना." तो ग्लास चुकून पडला की पाडला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. फार हाल झाले नाहीत, सगळे म्हणाले चांगलं मरण आलं. दहाव्यानंतर मी गेलो तेव्हा भिंतीवरचं वेळापत्रक काढलेलं होतं. मागे भिंतीचा तेवढा भाग जरा जास्त पांढरा दिसत होता. आबांच्या वाट्याच्या दोन रजया धुऊन, वाळवून, घडी घालून कपाटावर ठेवल्या होत्या. त्या दिवशी जेवताना साडूभाऊ आमटीबद्दल काही बोलले नाहीत. आक्कांनी दोन-तीनदा त्यांच्याकडं बघितलं, आणि मग मिठाचा डबा हळूच स्वतःहून आणून ठेवला. त्यांनी तो उघडला नाही.

गेल्या थंडीत आमच्या यवतचा वेल्डिंगवाला रफिक माझ्याकडं आला. त्याचं दुकान हायवेला, माझ्यापासून चार दुकानं सोडून; वडिलांपासूनची ओळख. त्याच्या आईला पडून महिना झाला होता. त्यानं डायपर मागितले आणि मी पाकीट काढायला वळलो तेवढ्यात म्हणाला, "घेऊन काय उपेग न्हाई भाऊ. अम्मी लावूच देत न्हाई. रडती. दोन रजया फेकून दिल्या." मी पाकीट परत कप्प्यात ठेवलं. मग त्याला म्हटलं, रविवारी ये, आणि साडूभाऊंना फोन केला. फोनवर मी फक्त एवढंच सांगितलं की एका माणसाला त्या रजईच्या धुलाईची माहिती हवी आहे.

ते आले ते मोटरसायकलला मागे एक मोठं गाठोडं बांधून. आबांच्या दोन्ही रजया होत्या. काउंटरवर त्यांनी एक उलगडली आणि रफिकला समोर उभं करून शिकवायला सुरुवात केली. साबण किती, पाणी कसं, दोन दोऱ्या का, कोपरे कसे धरायचे. रफिक लोखंड जोडणारा माणूस, त्याला मापात बोललेलं लगेच कळत होतं. त्यानं दोन-तीन प्रश्न असे विचारले की साडूभाऊ खूश झाले. मला वाटलं आता लॅमिनेशन केलेला कागदही निघेल, आणि तो निघालाच. मग रफिकनं सहज विचारलं, "दादा, तुम्हाला ह्ये कंपनीत शिकवलं का?"

साडूभाऊ रजईचा कोपरा हातात धरून थांबले. काय सांगायचं ते त्यांच्याकडं तयार असणार. दोन वर्षं तयार होतं. पण ते म्हणाले, "न्हाई. माझ्या वडलांसाठी घेतली हुती. त्यांना रातचं कळायचं न्हाई." कुणा परक्या माणसाला त्यांनी हे पहिल्यांदाच सांगितलं असावं. सांगून झाल्यावर त्यांनी तांब्याचंही सांगितलं. उशाला भरून ठेवायचा, सकाळी ओतायचा, आणि मोठ्यानं म्हणायचं. रफिक मान खाली घालून ऐकत होता. मग त्यानं दोन्ही रजया छातीशी धरल्या आणि "सलाम" एवढंच म्हणून निघून गेला.

दुकानात आम्ही दोघंच राहिलो. मी चहा मागवला. साडूभाऊंनी तो अर्धा पिऊन ठेवला आणि रस्त्याकडं बघत विचारलं, "पाव्हणं, आबांना कधी कळलं नसंल ना?"

काउंटरवर गोळ्यांच्या पट्ट्या पडल्या होत्या, त्या मी एकावर एक लावल्या. मग म्हणालो, "आबा शेवटपर्यंत आनंदात होते, साडूभाऊ."

त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं असणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग उरलेला चहा संपवला, हेल्मेट उचललं आणि उन्हं उतरायच्या आत पोचायला हवं, आक्का वाट बघत असतील, असं म्हणाले. मोटरसायकलवरचं गाठोड्याचं कापड मोकळं झालं होतं. ते त्यांनी काढलं, चार वेळा घडी घालून छोटं केलं, आणि कुठं ठेवावं ते न सुचून शर्टाच्या आत घातलं. गाडी हायवेला लागेपर्यंत मी पायरीवर उभा होतो.